मीटरभर चाल, मग विचार

यंत्रमानवाच्या दृष्टीचा इतिहास शिकवायचा म्हणजे एमआयटीच्या लॉरेन्स रॉबर्ट्सपासून सुरुवात करायची, असा शिरस्ता आहे. १९६३ साली त्यांनी फोटोतल्या ठोकळ्यांच्या कडा संगणकाकडून ओळखवून घेतल्या आणि त्यावरून ठोकळ्यांची घनाकृती मांडली. मी ते झटपट आवरतो. माझा जीव अडकला आहे स्टॅनफर्डच्या एका गाडीत. सायकलची चार लहान चाकं, मोटारीची बॅटरी आणि एक टीव्ही कॅमेरा, एवढाच तिचा संसार.

ही गाडी मुळात चंद्रासाठी जन्मली. १९६०-६१च्या सुमारास जेम्स अ‍ॅडम्स या विद्यार्थ्यापुढे प्रश्न होता: चंद्रावरचं वाहन पृथ्वीवर बसून, टीव्हीत बघून हाकता येईल का? रेडिओ संदेशाला चंद्रावर जाऊन परतायला अडीच सेकंदांच्या आसपास लागतात. अ‍ॅडम्सनी तेवढा उशीर मुद्दाम घातला आणि गाडी चालवून पाहिली. ताशी ०.३ किलोमीटरच्या वर ती धडपणे आवरेना. रांगणारं मूलसुद्धा याहून जोरात सुटतं. मग दुसरी वाट उरते ती गाडीनेच बघण्याची.

पण बघायचं म्हणजे काय करायचं? पुढे स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत तिला रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघेवरून चालायला शिकवलं. त्याला अंतर कळावं लागत नाही. रेघ चित्रात डावीकडे सरकली, की चाक डावीकडे वळवायचं. त्याच काळात जवळच मेन्लो पार्कला एसआरआय संस्थेत ‘शेकी’ हा यंत्रमानव हिंडत होता. त्याच्यासाठी खोल्या तयार केल्या होत्या, त्यांत मोठाले ठोकळे मांडले होते. त्याला जमावं म्हणून जगच सोपं करून दिलेलं.

हान्स मोरावेक १९७१ साली स्टॅनफर्डला आले आणि त्यांनी या गाडीपुढे खुर्च्या ठेवल्या. गाडीवर ५२ सेंटीमीटरची एक पट्टी आडवी बसवली होती. तिच्यावरून कॅमेरा डावीकडून उजवीकडे सरके आणि दर साडेसहा सेंटीमीटरला एक, असे नऊ फोटो काढी. माणसाच्या दोन डोळ्यांत अंतर असतं ते साधारण एवढंच. संगणक मधल्या फोटोतून खुर्चीचा कोपरा, डागाची कड असे तीसेक ठळक बिंदू निवडे आणि तेच बिंदू बाकीच्या आठांत शोधे. जवळचा बिंदू फोटोगणिक खूप सरकतो, लांबचा थोडा. त्या सरकण्यावरून अंतर निघतं. नऊ फोटोंच्या जोड्या होतात ३६, त्यामुळे एखाद्या जोडीने दगा दिला तरी बाकीच्या सावरून घेत. मग गाडी मीटरभर पुढे जाई, थांबे आणि तेच बिंदू पुन्हा शोधी. त्यातून भोवतालचा नकाशा मिळे आणि आपण खरोखर किती सरकलो, हेही.

हा सगळा विचार गाडीत होत नसे. चित्रं रेडिओवरून प्रयोगशाळेतल्या मोठ्या संगणकाकडे जात. एका मीटरमागे दहा ते पंधरा मिनिटं! १९७९ साली खुर्च्यांनी भरलेली वीस मीटरची खोली तिने कुणाच्या मदतीशिवाय पार केली, तेव्हा पाचेक तास गेले होते. हा आकडा ऐकून पुण्यातली माझी पोरं हसतात. मी त्यांना भागाकार करायला लावतो: ताशी चार मीटर. म्हणजे अ‍ॅडम्सच्या चंद्रचालकाहून पंचाहत्तरपट हळू. माणसाचा उशीर टाळायला निघालेली गाडी त्याच्याही मागे पडली होती.

अंगणात तर तिची फजिती झाली. उन्हातल्या सावलीची कड ठळक असते, म्हणून संगणक तीच निवडे. गाडीचा विचार होईतो सूर्य पुढे सरके, सावली हले आणि गाडीच्या हिशेबात जमीनच सरकल्यासारखी होई.

मोरावेकांचे विद्यार्थी लॅरी मॅथीज हीच विद्या घेऊन नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत गेले. २००४ साली मंगळावर उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या रोव्हरांना जोडकॅमेरे होते. मंगळाशी बोलण्यात मिनिटंच्या मिनिटं जातात. तिथे घरबसल्या स्टिअरिंग धरायची सोयच नाही. २००५ साली ऑपॉर्च्युनिटी वाळूत रुतली. चाकं फिरत होती, त्यांच्या मोजणीत गाडी पुढे जात होती, प्रत्यक्षात जागेवरच होती. बाहेर यायला पाचेक आठवडे लागले. असं घसरणं पकडायला बिंदूंचा माग हाच उपाय. चाकांची साक्ष तिथे खोटी ठरते.

आपलं प्रज्ञान २०२३ साली चंद्रावर फिरलं, तेही कॅमेऱ्यांच्या जोडीवर. पण त्याची चित्रं पृथ्वीवर येत, इथे उंचसखल जमिनीचा नकाशा बने, माणसं वाट ठरवत आणि मग आज्ञा जाई. २७ ऑगस्टला तीन मीटरवर चार मीटर रुंदीचा खड्डा दिसला, तेव्हा त्याला आल्या वाटेने परत फिरवलं. अडीच सेकंदांच्या उशिरावरचा हा तोडगा मला शहाणपणाचा वाटतो: चालताना हाकायचं नाही, थांबवून विचार करायचा. त्यातही एका वेळी नकाशा मिळे तो पाचेक मीटरचाच. जोडकॅमेऱ्याच्या हिशेबात वस्तू दुप्पट लांब गेली, की अंतरातली चूक चौपट होते.

आजच्या चिपा मोरावेकांचं गणित सेकंदात कितीदा तरी करतात. सावलीला हलायला फुरसतच मिळत नाही. मोरावेकांची अर्धी अडचण अशी पैसे मोजून सुटली. उरलेली अर्धी भूमितीची. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर निवडायला बिंदू आजही सापडत नाही आणि ते चौपटीचं गणित चिप कितीही महाग घेतली तरी कमी होत नाही.