दिनशा मुल्ला कोण होते? ऊसतोडीच्या उचलीशी त्यांच्या पुस्तकाचा काय संबंध?

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम त्यांना हंगामाआधीच उचल देतो. कधी स्टॅम्प पेपरवर अंगठा, कधी नुसता शब्द. दोन्ही कायद्याच्या भाषेत करारच. आणि कराराचा वाद कोर्टात गेला, की वकील ज्या जाडजूड ग्रंथाकडे वळतात तो म्हणजे ‘पोलॉक अँड मुल्ला’.

यातले मुल्ला म्हणजे सर दिनशा फरदुनजी मुल्ला. जन्म १८६८, मुंबईतले पारशी. भावांबरोबर त्यांनी सुरू केलेली सॉलिसिटर फर्म मुंबईत आजही आहे. वकिली करता करता ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवायचे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यावरचं भाष्य त्यांनी इंग्लंडचे नामवंत कायदेपंडित सर फ्रेडरिक पोलॉक यांच्यासोबत लिहिलं आणि ते १९०५ मध्ये आलं. पुढे हिंदू कायदा आणि मुस्लिम कायदा या दोन्हींवरची त्यांची पुस्तकंही प्रमाण मानली गेली. लिहिणारा पारशी, हे विशेष! १९२८ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कायदा सदस्य झाले, १९३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलवर गेले. १९३४ मध्ये त्यांचं निधन झालं.

पुस्तक मात्र थांबलं नाही. अलीकडच्या आवृत्त्यांचं संपादन पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमध्ये शिकवलेल्या डॉ. नीलिमा भडभडे यांनी केलंय.

आता उचलीकडे येऊ. मुल्लांचं पुस्तक आलं तेव्हा १८५९ चा एक कायदा लागू होता. उचल घेऊन कामावर न जाणाऱ्या कामगाराला त्याखाली तुरुंगात टाकता यायचं. तो रद्द करणारा कायदा १९२५ मध्ये झाला. आज फक्त काम सोडलं किंवा उचल फिटली नाही म्हणून कोणाला जेलमध्ये टाकता येत नाही. मुकादमाला दिवाणी दावा करता येतो. कामगाराला किंवा त्याच्या घरच्यांना डांबून ठेवणं हा मात्र गुन्हा आहे.

दाव्यातही बरंच तपासलं जातं. करार कायद्याच्या कलम १० नुसार संमती मुक्त हवी. समोरच्याच्या अडचणीचा गैरफायदा घेऊन सही घेतली असेल तर कलम १६ आहे. कागदावर दंडाची रक्कम लिहिली असली, तरी कलम ७४ नुसार वाजवी तेवढीच भरपाई मिळते. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाचा अंगठा घेतला असेल, तर त्याच्यापुरता तो करार मुळातच शून्य. हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच मोहोरी बीबी खटल्यात सांगितलं.

याच्याही पुढे १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे. उचलीच्या बदल्यात कामगाराला दुसरीकडे काम करण्याची किंवा कुठेही जाण्याची मोकळीकच उरली नसेल, तर ती वेठबिगारी ठरू शकते. तसं ठरलं की ते कर्ज फेडायची जबाबदारीच संपते. तक्रार जिल्हाधिकारी किंवा दक्षता समितीकडे करता येते. हे कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करायचं काम कामगाराचं नाही, पैसे देणाऱ्याचं आहे.