चाळीतील खोली : सामानाची साठवण

मुंबईतील चाळीच्या एकाच खोलीत, आणि पुढे तिच्या जागी आलेल्या लहान सदनिकेत, सगळ्या कुटुंबाचे सामान मावावे, हवे तेव्हा हाताशी यावे आणि रात्री अंथरुणे पसरण्याइतकी जमीन मोकळी राहावी, यासाठी रूढ झालेली मांडणीची पद्धत. खोली साधारण शंभर ते एकशे ऐंशी चौरस फुटांची. तिच्यात स्वयंपाक, जेवण, मुलांचा अभ्यास, पाहुण्यांचे बसणे-उठणे, बाळंतपणानंतरची विश्रांती आणि पाच-सात माणसांची झोप हे सारे उरकायचे असते. ही पद्धत कुणी शिकवली नाही, छापली नाही. ती मुख्यत्वे बायकांनी घडवली आणि सासूकडून सुनेकडे, शेजारणीकडून शेजारणीकडे गेली. तिचे मूळ सूत्र एकच आहे : जमीन माणसांसाठी, भिंत आणि उंची सामानासाठी.

पार्श्वभूमी : १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने कामगारवस्तीसाठी चाळी बांधल्या. या ‘बीआयटी’ चाळी. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट सुरू झाले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे त्याने २०७ इमारती उभ्या केल्या. या ‘बीडीडी’ चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फूट, संडास सामायिक. गिरगाव, लालबाग, परळ भागांतल्या खासगी मालकांच्या चाळी बऱ्याचशा लाकडी सांगाड्याच्या होत्या. त्यांच्या तुळया आणि वासे पुढे साठवणीच्या फार कामी आले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला ते सोयीचे होते, पण त्यामुळे एकाच खोलीत तीन पिढ्या नांदल्या. कुटुंब वाढत गेले, खोली तेवढीच राहिली. चाळीतल्या साठवणीची खरी करामत या काळातली आहे.

त्याही आधी गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या, आणि त्यांतल्या काही अजून आहेत. रत्नागिरी, चंदगड, आजरा अशा भागांतल्या एकाच गावचे वीस-पंचवीस पुरुष एक खोली घेत आणि पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत. जेवण खाणावळीत. इथे माणशी सामान ठरलेले असे : एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, भिंतीवरची एक खुंटी. ट्रंका भिंतीकडेला एकावर एक रचलेल्या असत. खालची ट्रंक उघडायची तर वरच्या तिघांची परवानगी घ्यावी लागे. बायको गावाहून आली आणि वेगळी खोली झाली की ट्रंकेच्या जोडीला चूल, भांडी, धान्य आणि पाळणा आला, आणि साठवणीचा प्रश्न नव्याने सुरू झाला.

माळा : चाळीतल्या साठवणीचा कणा. जुन्या चाळींत छत दहा-बारा फूट उंच असे. माणसाला डोक्यावर सात फूट मोकळे पुरतात. उरलेली उंची लाकडी किंवा लोखंडी आधारावर फळ्या टाकून वापरात आणली की माळा तयार होतो. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दहा फूट रुंद खोलीत मोरी आणि ओट्याच्या वर तीन फूट खोल, तीन फूट उंच माळा घातला तर नव्वद घनफूट जागा मिळते आणि जमिनीचा एक इंचही जात नाही. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फुटाहून थोडे खोल असे लोखंडी कपाट जेमतेम तीस-एकतीस घनफुटांचे असते आणि जमीन पाच चौरस फूट खाते, दार उघडायची जागा वेगळीच. म्हणजे एक माळा तीन कपाटांच्या तोडीचा. काही घरांत माळा अर्ध्या खोलीवर असे. त्यावर शिडी लावून मुले अभ्यास करीत, मोठा मुलगा झोपे, नवविवाहितांना तेवढाच आडोसा मिळे.

माळ्यावर काय जाते याचा क्रम ठरलेला आहे. सर्वांत मागे वर्षाकाठी एकदा लागणारे : गणपतीचे मखर, दिवाळीचा आकाशकंदील, लग्नातली पितळी भांडी, जास्तीच्या गाद्या. त्यापुढे बेगमीचे डबे, म्हणजे वर्षाचे तिखट, पापड, कुरडया, तांदूळ. काठावर प्रवासाच्या बॅगा, कारण त्या मे महिन्यात आणि गणपतीत लागणारच. जड वस्तू माळ्यावर नको, हे म्हातारी माणसे बजावून सांगत. ते बरोबरच आहे, कारण जुने लाकूड वाळवीने आतून पोखरलेले असू शकते आणि वरून ते कळत नाही. दसऱ्याच्या आधी माळा पूर्ण उतरवून, झाडून, पुन्हा चढवण्याचा रिवाज हा साफसफाईइतकाच मोजदादीचा असतो. घरात काय आहे याची आठवण त्या दिवशी ताजी होते.

भिंत : ओट्याच्या वर भांड्यांची मांडणी. ताटे उभी, वाट्या-पेले पालथे, चमचे कप्प्यात. उघडी असल्याने धुतलेले भांडे तिथेच निथळते, वाळते आणि नजरेसमोर राहते. मुंबईच्या दमट हवेत आणि झुरळांच्या शहरात ही उघडी मांडणी आजच्या बंद ट्रॉल्यांपेक्षा अनेक बाबतींत सरस आहे, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. ट्रॉली सरकायला समोर दोन फूट जागा लागते, तिच्या रुळांत कचरा साचतो आणि पावसाळ्यात तिच्यातल्या प्लायवुडला फुगारा येतो. मांडणी दोन स्क्रूंवर उभी असते आणि पुसायला पाच मिनिटे पुरतात. जुन्या जाड भिंतींत कोनाडे आणि फडताळे असत. तिथे देव, औषधे, तेलाची बाटली, कंगवा-पावडर. दाराच्या मागे खुंट्या. छताजवळ आडवी दांडी किंवा दोरी, तिच्यावर काठीने कपडे वाळत घालायचे. ओले कपडे डोक्यावर असतात, पायांत येत नाहीत.

जमीन : हिच्यावर जे ठेवायचे त्याला एकाहून जास्त कामे करता आली पाहिजेत. लोखंडी खाट दिवसा बैठक, रात्री आजोबांचे अंथरूण, आणि तिच्याखाली ट्रंका, कांदे-बटाट्यांची टोपली, शिवणयंत्राची पेटी. गाद्या सकाळी उचलून खाटेवर चवड लावायची, वर चादर टाकायची, की दिवाण तयार. सहा फूट लांब, तीन फूट रुंद पेटीच्या दिवाणात फूटभर खोली असली तरी अठरा घनफूट सामान बसते. त्यात रोज लागणारी वस्तू मात्र ठेवू नये, कारण प्रत्येक वेळी गादी उचलावी लागते. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बनवायला सुरुवात केली, आणि पुढे लोखंडी कपाट मध्यमवर्गीय लग्नाच्या यादीत जाऊन बसले. चाळीत ते कपड्यांसाठी कमी आणि कुलुपासाठी जास्त हवे असे. आतल्या लॉकरमध्ये दागिने आणि कागद.

हे कागद घरातली सर्वांत मोलाची वस्तू होत. भाडेपावत्या, रेशनकार्ड, वीजबिले, मतदारयादीतले नाव. पुनर्वसनात घर मिळणार की नाही हे बऱ्याचदा एखाद्या जुन्या पावतीवर ठरते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि सखल भागांत तळमजल्यांवर पाणी भरले. तेव्हा खाटेखालच्या ट्रंका आधी बुडाल्या. तळमजल्यावर राहणाऱ्याने कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीच्या वरच्या उंचीवर ठेवावेत, हा धडा तिथला आहे.

पाणी आणि गॅस : चाळीत पाणी ठरावीक वेळीच येते, त्यामुळे मोरीतले पिंप हलवता येत नाही आणि त्याची जागा इतर कशालाही देता येत नाही. गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर उभाच ठेवावा लागतो, तोही जमिनीलगत आणि हवेशीर जागी. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास खाली साचतो. जागा वाचवण्यासाठी सिलिंडर बंद कपाटात कोंडणे किंवा समोर रद्दीचे गठ्ठे रचणे धोक्याचे आहे.

पावसाळा : चार महिने भिंतींना ओल येते. कपाट भिंतीपासून दोन बोटे पुढे ओढून ठेवतात. कपड्यांत वेखंड, कडुनिंबाचा वाळला पाला किंवा डांबराच्या गोळ्या, आणि डाळींना एरंडेलाचा हात.

गॅलरी : खोलीबाहेरचा सामायिक सज्जा हा हिशेबात न धरलेला खोलीचाच भाग. चपला, सायकल, घडीची खाट, तुळस. आपल्या दारापुढची भिंत आपली, पण चालण्याची वाट सगळ्यांची, हा अलिखित करार. हळद, बारसे किंवा गणपती असला की घरातली खाट गॅलरीत जाते आणि पाहुण्यांच्या बॅगा शेजारच्या खोलीत. मोठी पातेली, सतरंज्या हे अनेक चाळींत मंडळाकडे असे, त्यामुळे वर्षातून दोनदा लागणारी वस्तू प्रत्येक घराला विकत घ्यावी लागत नसे. लहान घरासाठी याहून शहाणपणाची व्यवस्था सापडणे कठीण. मात्र जिना आणि वाट अडवणारे सामान आगीच्या वेळी जिवावर बेतते. तिथे शेजारधर्माने डोळेझाक करू नये.

सामान बाहेर काढणे : साठवणीचा हा भाग फारसा बोलला जात नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, रद्दीवाला आणि भंगारवाला या तिघांनी चाळीतल्या खोल्या राहण्याजोग्या ठेवल्या. चौथी वाट गावाची. कोकणातल्या घरांत मुंबईहून एसटीच्या टपावरून गेलेल्या खुर्च्या, पाळणे, जुने टीव्ही आढळतात. मुंबईच्या कित्येक खोल्यांचा माळा खरे तर गावाकडे होता. गावचे घर पडले किंवा वाटण्या झाल्या की ही सोय संपते.

नवी घरे : झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारे घर आधी २२५ चौरस फुटांचे होते, मग २६९ झाले आणि आता ३०० आहे. बीडीडी चाळींच्या म्हाडामार्फत चाललेल्या पुनर्विकासात ५०० चौरस फूट मिळतात. वरळीतल्या पहिल्या घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. घरात स्वतःचा संडास आणि न्हाणीघर आले, याचे मोल बाकी कशानेही मोजता येणार नाही. पण छताची उंची बहुधा पावणेतीन मीटरच्या आसपास असते. लॉफ्टखाली माणसाला वावरायला २.२ मीटर सोडले तर वर अर्धा मीटर उरतो, त्यात फळीची जाडी. चौरस फूट वाढले आणि माळा व गॅलरी गेली. बांधकाम नियमांत लॉफ्टला साठवणीची जागा म्हणून मान्यता आहे, तरी आराखड्यात तो क्वचितच रेखाटलेला दिसतो. राहायला आल्यावर सुतार बोलावून जो तो आपापल्या खर्चाने तो करून घेतो, आणि त्यापायी कुठे वायर सापडते, कुठे तुळईला छिद्र पडते.

पुनर्विकासाच्या बैठकीत कार्पेट एरिया विचारला जातो, तसाच तीन गोष्टींचा प्रश्न रहिवाशांनी, विशेषतः घरातल्या बायकांनी, विचारावा : छत किती उंच, लॉफ्ट कुठे आणि किती खोल, गाद्या दिवसा कुठे जाणार. करारावर सह्या होण्यापूर्वी याची उत्तरे नकाशावर काढून मागावीत, कारण सह्यांनंतर भिंती हलत नाहीत.