विद्युत् घटमालेचा इतिहास

विद्युत् घटमाला : रासायनिक ऊर्जेचे विद्युत् ऊर्जेत रूपांतर करणाऱ्या दोन वा अधिक घटांची जोडणी. बोली मराठीत घटाला ‘सेल’ व घटमालेला ‘बॅटरी’ म्हणतात. हातातील विजेरीलाही ‘बॅटरी’च म्हणण्याची रीत असल्याने पुष्कळदा घोटाळा होतो.

इटालियन भौतिकीविज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी 1800 मध्ये जस्त व चांदी यांच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठे ठेवून पहिली घटमाला रचली. तिचा प्रवाह लवकर क्षीण होई. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जे. एफ. डॅनिएल यांच्या घटाने (1836) हा दोष बराच कमी झाला आणि तारायंत्रास स्थिर प्रवाह मिळू लागला. कलकत्ता–आग्रा–मुंबई तारमार्ग 1854 मध्ये पूर्ण झाला, तेव्हा विद्युत् जनित्रांचा प्रसार झालेला नव्हता. अशा तारमार्गांची सारी भिस्त घटमालांवरच असे.

या घटांतील जस्त व रसायने खर्ची पडली की ती बदलावी लागत. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी 1859 मध्ये शिसे-अम्ल संचायक घट तयार करून ही अडचण दूर केली. भारित अवस्थेत याच्या धन पट्टिकेवर शिशाचे डायऑक्साइड व ऋण पट्टिकेवर सच्छिद्र शिसे असते. प्रवाह घेताना दोहोंचे लेड सल्फेट बनते व सल्फ्यूरिक अम्ल विरल होते; उलट दिशेने प्रवाह सोडल्यास मूळ स्थिती परत येते. म्हणूनच अम्लाची घनता मोजून घट कितपत भारित आहे, हे ओळखता येते. एका घटाचा दाब सु. 2 व्होल्ट असल्याने मोटारगाडीत असे सहा घट जोडतात.

मुंबईच्या उपनगरांत हा उद्योग घाटकोपर व मुलुंड यांच्या दरम्यान कांजूरमार्ग येथे चालला. तेथील ‘स्टँडर्ड बॅटरीज’चा कारखाना 1998 मध्ये तळोजे येथील कारखान्यासह ‘एक्साइड इंडस्ट्रीज’कडे गेला.

शिसे विषारी आहे. त्याची धूळ व धूर श्वासावाटे शरीरात जातात. मुलांच्या मेंदूच्या वाढीस त्यांपासून विशेष अपाय होतो. शिसे पुनःपुन्हा वितळवून वापरता येते, त्यामुळे निकामी घटमालेलाही भंगारात चांगला भाव मिळतो. हा गुणच घातक ठरला. कारण त्या भावापायी घटमाला उघड्या भट्ट्यांकडे जाऊ लागल्या. 2001 च्या नियमांनी जुन्या शिसे-अम्ल घटमाला परत गोळा करण्याचे बंधन घातले; 2022 च्या नियमांत लिथियमसह सर्व प्रकार आले.

लिथियम-आयन घट सोनी कंपनीने 1991 मध्ये बाजारात आणला. त्याच वजनात तो शिशाच्या घटाच्या कित्येक पट ऊर्जा साठवितो. ‘बेस्ट’ची अखेरची डीझेल दुमजली बस 15 सप्टेंबर 2023 रोजी अंधेरीतील मार्ग क्र. 415 वर धावली. विजेवरील दुमजली बसगाड्या त्याच वर्षी मुंबईत सुरू झाल्या होत्या. तथापि विजेवर चालणाऱ्या अनेक मोटारगाड्यांतही दिवे व नियंत्रण यंत्रणा यांसाठी 12 व्होल्टची शिसे-अम्ल घटमाला बसविलेली असते.