४४,१०० : एका आकड्याची गोष्ट

संगणकावर ध्वनिमुद्रण करण्याची सोय आता बहुतेक शाळांपर्यंत पोहोचली आहे. स्नेहसंमेलनातील गाणी, पाहुण्यांची व्याख्याने, आजीआजोबांच्या मुलाखती अशा कितीतरी गोष्टी शिक्षक मुद्रित करून ठेवतात. त्याबरोबर काही तक्रारीही ठरलेल्या असतात. ध्वनिमुद्रण पुन्हा लावले की आवाज पातळ येतो आणि बोलणे घाईघाईचे वाटते. कधी मधूनच 'टक्‌ टक्‌' असे आवाज येतात. कधी चित्रातील ओठ आणि ऐकू येणारे शब्द यांची हळूहळू फारकत होत जाते. अशा वेळी "संगणकाचे काही सांगता येत नाही" असे म्हणून आपण ते सोडून देतो.

पण संगणक लहरी नसतो. वरच्या तिन्ही तक्रारी एकाच गोष्टीच्या आहेत, आणि ती गोष्ट म्हणजे वेळेचा हिशेब. हा हिशेब कोठे चुकतो ते समजायचे, तर ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

तबकडीवर न लिहिलेला वेग

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ बनवला, तेव्हापासून एक अडचण माणसाच्या मागे लागली आहे. ध्वनी साठवताना यंत्र ज्या वेगाने फिरले त्याच वेगाने ते ऐकतानाही फिरले पाहिजे. जलद फिरले तर स्वर चढतो आणि वेळ कमी होतो. सावकाश फिरले तर उलट होते. फ्रेड गेसबर्गने १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, त्या काळात मिनिटाला ७८ फेरे हा वेग सर्वत्र ठरलेला नव्हता. वेगवेगळ्या तबकड्या ७० ते ८० फेऱ्यांच्या दरम्यान कोणत्याही वेगाने मुद्रित होत, आणि नेमका वेग तबकडीवर बहुधा लिहिलेला नसे. अशा जुन्या तबकड्या ऐकताना 'खरा स्वर कोणता' हा प्रश्न अभ्यासकांना आजही सोडवावा लागतो.

अंकीय ध्वनिमुद्रणात तबकडी गेली, पण प्रश्न गेला नाही. त्याने फक्त रूप बदलले.

आवाजाचे आकडे

१९३७ साली पॅरिसमधील एका टेलिफोन-प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याला एक कल्पना सुचली. लांबच्या तारेवरून बोलणे पाठवले की वाटेतील खरखर त्यात मिसळते, आणि ती नंतर वेगळी काढता येत नाही. मग आवाजाऐवजी आकडे पाठवले तर? ध्वनीच्या लहरीची उंची ठरावीक काळाने मोजायची आणि ती मापे पाठवायची. पलीकडच्या टोकाला त्या मापांवरून लहर पुन्हा उभी करायची. तापमानाचा आलेख काढताना दर तासाला एक बिंदू मांडतो, तसेच हे आहे. अशा प्रत्येक मापाला 'नमुना' म्हणतात आणि एका सेकंदात घेतलेल्या नमुन्यांच्या संख्येला 'नमुनादर'. ही कल्पना त्या काळातील महागड्या व्हॉल्व्हच्या यंत्रांना पेलणारी नव्हती, म्हणून ती बराच काळ बाजूलाच राहिली.

नमुनादर किती असावा? हॅरी नायक्विस्टने १९२८ साली तारायंत्राच्या संदर्भात या प्रश्नाचा पाया घातला आणि क्लॉड शॅननने १९४९ साली त्याची नीट मांडणी केली. ध्वनीतील सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून नमुनादर जास्त हवा, असा त्याचा आशय. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते. म्हणजे नमुनादर ४०,००० पेक्षा थोडा अधिक हवा.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. साठवलेल्या आकड्यांत फक्त लहरीच्या उंचीची मापे असतात. ती मापे किती अंतराने घेतली हे त्यांच्याकडे पाहून कळत नाही. ती माहिती वेगळी लिहून ठेवावी लागते. तबकडीवर न लिहिलेल्या वेगाचा प्रश्न येथे पुन्हा समोर येतो.

नेमके ४४,१०० का?

सीडीचा नमुनादर ४४,१०० आहे. चाळीस हजारांपेक्षा थोडा अधिक हे समजले. पण ४२,००० किंवा ४५,००० असा सरळ आकडा का नाही? याचे उत्तर ध्वनिशास्त्रात सापडत नाही. ते सापडते दूरदर्शन संचाच्या पडद्यावर.

दोन वाहिन्या, सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, असा हिशेब केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट साठवावे लागतात. एका तासाचे होतात सुमारे ६३५ मेगाबाइट. १९८० साली लहान संगणकांसाठी बाजारात आलेल्या चकतीवर ५ मेगाबाइट मावत. एका तासाच्या गाण्याला अशा १२७ चकत्या लागल्या असत्या! साध्या ध्वनिफितीला इतक्या वेगाने मुद्रण करणे जमत नव्हते. मात्र चित्रफितीच्या यंत्राला ते जमत होते. म्हणून अभियंत्यांनी आकड्यांचे काळे-पांढरे ठिपके करून ते चित्र म्हणून चित्रफितीवर उतरवले.

दूरदर्शनचे चित्र आडव्या रेषांनी बनते. अमेरिका आणि जपानमध्ये सेकंदाला ६० अर्धचित्रे दाखवली जात आणि प्रत्येकात कामाला येतील अशा २४५ रेषा मिळत. युरोपात (आणि भारतातही) सेकंदाला ५० अर्धचित्रे आणि प्रत्येकात २९४ रेषा. प्रत्येक रेषेत एका वाहिनीचे ३ नमुने बसवले तर –

६० × २४५ × ३ = ४४,१००
५० × २९४ × ३ = ४४,१००

दोन्हीकडे एकच उत्तर! दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर चालणारा आकडा म्हणून ४४,१०० निवडला गेला. विद्यार्थ्यांना याचे मूळ अवयव पाडायला सांगावेत : २² × ३² × ५² × ७², म्हणजेच २१० चा वर्ग. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० साली सीडीचे मानक ठरवताना हाच आकडा घेतला आणि १९८२ साली सीडी बाजारात आली. चित्रफितीवर आवाज साठवण्याचे दिवस संपले, पण त्या फितीच्या रेषांचा हिशेब आपल्या संगणकात आजही आहे.

दुसरा आकडा कोठून आला?

हा आकडा एकटाच असता तर गोंधळ झाला नसता. पण १९७० च्या दशकात प्रत्येकाचा नमुनादर वेगळा होता. जपानमधील डेनॉनने १९७२ साली ४७,२५० वापरला. अमेरिकेत थॉमस स्टॉकहॅम यांच्या साउंडस्ट्रीम यंत्रणेने पुढे ५०,००० घेतला. सोनीच्या १९७७ मधील घरगुती यंत्रात तर ४४,०५६ होता. कारण अमेरिकी रंगीत दूरदर्शनवर सेकंदाला बरोबर ६० नव्हे तर ५९.९४ अर्धचित्रे असतात. असे मुद्रण ४४,१०० च्या यंत्रावर लावले की तासाला साडेतीन सेकंदांहून थोडा अधिक फरक पडतो.

चित्रपट आणि दूरदर्शनवाल्यांना ४४,१०० गैरसोयीचा होता. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात. ४४,१०० ला २४ ने भागले तर १,८३७.५ येतात. अर्धा नमुना कसा कापणार? त्याऐवजी ४८,००० घेतला तर २४, २५ आणि ३० या तिन्हींनी निःशेष भाग जातो. शिवाय नभोवाणीत वापरात असलेल्या ३२,००० शी त्याचे ३ : २ असे सोपे गुणोत्तर आहे. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने १९८४ साली व्यावसायिक कामासाठी ४८,००० ची शिफारस केली. तेव्हापासून संगीताकडे ४४,१०० आणि चित्राकडे ४८,००० अशी वाटणी झाली. आपला संगणक, कॅमेरा आणि भ्रमणध्वनी यांना दोन्ही आकडे येतात, आणि तेथेच घोटाळ्याला वाव मिळतो.

पंचेचाळीस मिनिटांचा तास

४८,००० आणि ४४,१०० यांचे गुणोत्तर १६० : १४७ आहे. समजा, ४५ मिनिटांचा तास ४४,१०० ने मुद्रित झाला आणि फाइलीवर चुकून ४८,००० ची नोंद झाली. आता तो ४१ मिनिटे २० सेकंदांत संपेल आणि सर्व स्वर जवळपास नऊ टक्क्यांनी चढतील. उलट घडले तर तास ४९ मिनिटांचा होईल आणि आवाज जड येईल. एकही आकडा हरवलेला नसतो. फक्त वेळेची नोंद चुकलेली असते.

हा दोष ओळखीच्या आवाजात चटकन कळतो. अनोळखी आवाजात कळेलच असे नाही, आणि आपल्या संगीतात तर तो हमखास लपतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात स्वर एका ठरलेल्या वारंवारतेला बांधलेले असतात, त्यामुळे चढलेला स्वर जाणकाराला खटकतो. आपल्याकडे षड्ज ज्याचा त्याने धरायचा असतो. काळी एकमध्ये गायलेले गाणे चढून पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध गेले, तरी स्वरास्वरांतील गुणोत्तरे तशीच राहतात. राग बिघडत नाही, साथीची पेटीही गाण्याबरोबरच चढते. ऐकणाऱ्याला शंका येण्याचे कारणच उरत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. असे काम लहान प्रमाणावर कोणतीही शाळा करू शकते. ओवी म्हणणाऱ्या आजींसमोर तंबोरा नसतो, पेटी नसते. त्यांचा आवाज कोणत्या स्वरात होता, ओवी किती सावकाश चालत होती, याला ते मुद्रण हाच एकमेव पुरावा. नमुनादराची नोंद चुकली आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर पुढच्या पिढीला त्या आजी नऊ टक्के घाईत ऐकू येतील.

दोन बादल्या आणि दोन घड्याळे

आता 'टक्‌ टक्‌' आवाजांकडे वळू. संगणक एकेक नमुना उचलत नाही. काही नमुने साठले की तो गठ्ठा एकदम नेतो. सतत वाहणाऱ्या नळाखाली दोन बादल्या ठेवाव्यात, एक भरेपर्यंत दुसरी रिकामी करावी, तसा हा प्रकार आहे. बादली २५६ नमुन्यांची असेल तर ४४,१०० च्या वेगाने ती ५.८ सहस्रांश सेकंदात भरते. तेवढ्यात संगणक दुसऱ्या कामात अडकला तर पाणी सांडते, म्हणजे नमुने हरवतात आणि 'टक्‌' ऐकू येते. १,०२४ नमुन्यांची मोठी बादली घेतली तर सवड मिळते, पण मग स्वतःचा आवाज कानाला सुमारे २३ सहस्रांश सेकंद उशिरा येतो. आठ मीटर अंतरावरून ऐकल्यासारखा. साधे मुद्रण करताना मोठी बादली घ्यावी आणि इतर आज्ञावल्या बंद ठेवाव्यात.

ओठ आणि शब्द यांची फारकत मात्र दोन घड्याळांमुळे होते. कॅमेरा आणि संगणक आपापल्या स्फटिकाच्या घड्याळावर नमुने मोजतात. त्यांच्यात दहा लाखांत ५० एवढा फरक असला तरी तासाभरात ०.१८ सेकंद साठतात. हा प्रश्न जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातील गुप्त संभाषणासाठी 'सिगसॅली' ही यंत्रणा सुरू झाली. आवाजाचे आकडे करून त्यात तबकडीवरची यादृच्छिक खरखर मिसळली जाई, आणि पलीकडे तशाच दुसऱ्या तबकडीने ती वजा केली जाई. दोन्ही तबकड्या अचूक जोडीने फिरल्या नाहीत तर काहीच कळत नसे. म्हणून अत्यंत काटेकोर स्फटिक-घड्याळे वापरावी लागली. आपल्यासाठी उपाय सोपा आहे : मुद्रणाच्या सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवावी. दोन टाळ्यांमधील अंतर दोन्ही मुद्रणांत मोजले की फरक कळतो आणि तो दुरुस्त करता येतो.

आवाज फक्त मोठ्या स्वरांवरच फाटत असेल, तर मात्र हा वेळेचा दोष नाही. तेथे १६ बिटांची ६५,५३६ मापे अपुरी पडून लहरींचे माथे कापले गेलेले असतात. पुढच्या वेळी आवाजाची पातळी कमी ठेवावी. कापलेले माथे परत मिळत नाहीत.

प्रयोगशाळेतील नादकाटा

आमची शिक्षकांना एक सूचना आहे. कोणतेही महत्त्वाचे ध्वनिमुद्रण सुरू करताना शाळेच्या प्रयोगशाळेतील ५१२ हर्ट्झचा नादकाटा मायक्रोफोनसमोर वाजवावा आणि तारीख, वेळ व नमुनादर तोंडी सांगावा. शेवटी पुन्हा घड्याळातील वेळ सांगावी.

पुढे कधी शंका आली तर नादकाट्याचा भाग पडद्यावर मोठा करून एक दशांश सेकंदातील लहरी विद्यार्थ्यांकडून मोजून घ्याव्यात. सुमारे ५१ भरल्या तर सर्व ठीक आहे. ५६ भरल्या तर ४४,१०० चे मुद्रण ४८,००० म्हणून वाजते आहे. ४७ भरल्या तर उलट. मग मूळ फाइल तशीच ठेवून तिच्या प्रतीवर नमुनादराची नोंद दुरुस्त करावी. नोंद दुरुस्त करणे आणि नमुनादराचे रूपांतर करणे या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. रूपांतरात नव्याने नमुने काढले जातात आणि आधीची चूक तशीच पुढे जाते. म्हणून आधी नोंद, आणि गरज पडली तरच रूपांतर.

एडिसनच्या काळातील अभियंत्यांनी तबकडीवर वेग लिहून ठेवला असता, तर आज कितीतरी आवाजांचा खरा स्वर आपल्याला शोधत बसावे लागले नसते. नादकाट्याच्या एका ठोक्याला पाच सेकंद लागतात. तेवढे आपल्या हातात आहे.