खरवडण्यापूर्वी: जुन्या सायकलीवरील स्टिकर आणि इतिहासाचे थर

१/ आजोबांची सायकल अडगळीतून बाहेर निघते, धूळ पुसली जाते आणि पहिला विचार मनात येतो तो फ्रेमवरचे जुने स्टिकर काढून टाकण्याचा. हातात ब्लेड, शेजारी थिनरची बाटली. पुढच्या दहा मिनिटांत जे नाहीसे होऊ शकते, ते नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणून आजचा हा धागा: स्टिकर कसा काढावा, आणि त्याआधी, तो काढावा की नाही हे कसे ठरवावे.

२/ प्रथम थर ओळखू या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इंग्रजी सायकलींच्या फ्रेमवर बहुधा काळा एनॅमल रंग चढवून तो भट्टीत भाजला जाई. हा रंग टणक असे. त्यावर सोनेरी रेघा आणि कंपनीचे नाव येई, आणि सहसा या सर्वांवर पारदर्शक व्हार्निशचा पातळ हात फिरे. म्हणजे खालचा रंग कणखर, पण त्यावरचे नाव अतिशय नाजूक.

३/ हे नाव म्हणजे स्टिकर नव्हे, ते 'ट्रान्सफर'. छापील चित्र कागदावरून दुसऱ्या पृष्ठभागावर उतरवण्याची कला इंग्लंडमध्ये १७५० च्या दशकात चिनीमातीच्या भांड्यांसाठी रूढ झाली. सायकलीवरील ट्रान्सफर हे त्याच कल्पनेचे पुढचे रूप. कागद ओला करून काढून घेतला की मागे उरतो तो शाई, सोनेरी रंग आणि व्हार्निश यांचा पापुद्रा. बोट फिरवले तरी त्याची कड जेमतेम जाणवते.

४/ स्टिकर मात्र अलीकडचा. १९३५ साली लॉस एंजेलिस येथे स्टॅन्टन एव्हरी यांनी स्वतःच चिकटणारी लेबले यंत्रावर तयार करण्याचा उद्योग सुरू केला. त्यांच्या कंपनीचे आरंभीचे नाव होते 'कम-क्लीन', म्हणजे स्वच्छ निघून येणारे! पण वर्षानुवर्षे उन्हात राहिलेला गोंद हे वचन पाळत नाही. तो सुकतो, कडक होतो आणि रंगाला धरून बसतो.

५/ आता हा फरक महत्त्वाचा का? रॅलेचा उगम १८८७ च्या सुमाराचा, नॉटिंगहॅमचा. स्वातंत्र्यानंतर मात्र सेन-रॅलेच्या सायकली आसनसोलला बनू लागल्या. बर्मिंगहॅमची हर्क्युलिस मद्रासजवळच्या अंबत्तूर येथे तयार होऊ लागली. ती बनवणाऱ्या टी. आय. सायकल्सची स्थापना १९४९ ची. नाव तेच, देश वेगळा. आपली सायकल बोटीतून आली की स्वतंत्र भारताच्या कारखान्यातून, याचा सर्वांत सहज वाचता येणारा पुरावा अनेकदा त्या ट्रान्सफरवरील बारीक अक्षरांत असतो. थिनरचा एक बोळा तो पुरावा पुसून टाकतो.

६/ वरचे थरही बोलतात. विक्रेत्याच्या दुकानाचे आणि गावाचे नाव, नगरपालिकेने सायकल-कर घेऊन दिलेला धातूचा बिल्ला, तासाच्या भाड्याने सायकल देणाऱ्या दुकानदाराने मडगार्डवर रंगवलेला क्रमांक, आणि सर्वांत वर एखाद्या मुलाने हौसेने चिकटवलेला नटाचा चेहरा. हे सायकलीचे आयुष्य आहे.

७/ 'मूळ रूप परत आणण्यासाठी वरचे थर खरवडावेत का?' हा वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील अनेक चर्चच्या भिंतींवरील जुना गिलावा जीर्णोद्धाराच्या नावाखाली खरवडला जात होता. त्याविरुद्ध विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचे लोकप्रिय टोपणनाव होते 'अँटी-स्क्रेप', म्हणजे 'खरवडण्याच्या विरोधात'.

८/ या वादातून पुढे आलेले सूत्र १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या ११ व्या कलमात सापडते. त्याचा आशय असा: वास्तूला प्रत्येक काळाने दिलेल्या ग्राह्य योगदानाचा आदर करावा. वरचा थर काढून खालचा उघड करणे क्वचितच समर्थनीय. जे काढायचे ते फारसे महत्त्वाचे नसेल आणि जे उघडे पडणार ते फार मोलाचे असेल, तेव्हाच. वास्तूंसाठी लिहिलेली ही कसोटी सायकलीलाही लागू पडते.

९/ कसोटी लावून काढायचेच ठरले, तर कृती अशी. आधी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या. तिरप्या प्रकाशात झाकलेली अक्षरेही कधी उठून दिसतात. फ्रेमवर कोरलेला क्रमांक लिहून ठेवा. मग पायडलच्या आसाखालच्या, सहसा न दिसणाऱ्या जागी प्रत्येक उपाय आधी करून पाहा.

१०/ हेअर ड्रायरने स्टिकर हलकेच गरम करा. फ्रेमला हात लावता यावा, इतपतच ऊब हवी. गोंद मऊ झाला की एक कोपरा नखाने उचला आणि स्टिकर स्वतःवरच दुमडत, पृष्ठभागाला समांतर, सावकाश ओढा. सरळ वर ओढल्यास खालचा पापुद्राही निघून येतो. अडला, तर थांबा आणि पुन्हा ऊब द्या. उरलेल्या गोंदावर खोबरेल तेल लावून काही वेळ मुरू द्या आणि मऊ सुती कापडाने टिपत काढा. शेवटी तेलाचा अंश पुसून घ्या.

११/ थिनर, ॲसिटोन, ब्लेड आणि काथ्या दूरच ठेवा. कागदी स्टिकर कोमट पाण्याने भिजवता येतो, पण व्हार्निशला तडे गेले असतील तर पाणी आत शिरून ट्रान्सफर उचलते. स्टिकर अर्धवट ट्रान्सफरवर बसला असेल, तर तेवढा भाग तसाच राहू देणे शहाणपणाचे. आणि रंगीत फ्रेमवर स्टिकर निघाल्यानंतर त्याच्या आकाराची गडद छाया दिसली, तर ती डाग समजून घासू नका. उन्हाने न विटलेला तो मूळ रंग आहे.

१२/ निघालेला स्टिकर फेकू नका. गुळगुळीत मेणकागदावर ठेवून पाकिटात घाला; पाकिटावर तारीख, फ्रेमवरील जागा आणि सायकलीचा क्रमांक लिहा. घरातील वडीलधाऱ्यांना तो कोणी चिकटवला होता हेही विचारून घ्या आणि ते उत्तर त्याच पाकिटावर नोंदवा.