मध्यरात्रींच्या सूर्याआड लपलेले मेघ

इ. स. १८८५ च्या उन्हाळ्यांत सूर्य मावळून बराच वेळ लोटल्यावर युरोपांतील निरीक्षकांना उत्तर आकाशांत रुपेरी मेघ चमकतांना दिसले. दोन वर्षांपूर्वीं क्राकातोआचा स्फोट झाला होता. तेव्हां ही त्या ज्वालामुखीची धूळ असावी, असा तर्क निघाला. बर्लिनचे ज्योतिर्विद ऑटो येसे तर्कावर थांबले नाहींत. पुढील कांहीं वर्षांत त्यांनीं निरनिराळ्या ठिकाणांहून एकाच वेळीं छायाचित्रें घेवविलीं आणि त्रिकोणमितीनें मेघांची उंची सुमारें ८२ किलोमीटर ठरविली.

परंतु या मेघांचें खरें माहेर ध्रुवप्रदेश. तेथें उन्हाळ्यांत सूर्य मावळतच नाहीं, आणि उजळ आकाशांत ते डोळ्यांस दिसत नाहींत. जेथें मेघ विपुल, तेथेंच दृष्टि निरुपयोगी!

ही अडचण लेसरनें दूर केली. १९८९ सालीं नॉर्वेच्या आंडोया बेटावरून लेसरकिरणांनीं हे मेघ प्रथम टिपले गेले. १९९४ सालीं तेथें मोठी वेधशाळाच उभी राहिली. वर सोडलेला किरण मेघावरून परतण्यास सेकंदाच्या दोनहजाराव्या भागाहून किंचित् अधिक वेळ लागतो. त्यावरून उंची कळते. भर दिवसा हा क्षीण प्रकाश निवडण्यासाठीं दुर्बिणीचें क्षेत्र अत्यंत अरुंद ठेवतात आणि लेसरच्या नेमक्या रंगाखेरीज बाकी प्रकाश गाळून टाकतात.

धुळीचा तर्क मागें पडला. हे मेघ बर्फकणांचे ठरले. उंची मात्र निघाली सुमारें ८३ किलोमीटर! येसे यांचें गणित शंभर वर्षांनंतरहि खरें उतरलें.