दप्तर हलवताना

१८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला, तेव्हा त्याचे मुख्य ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडीला हलले आणि तिथे आजचे वर्धा शहर वसले. ठाणे हलते तेव्हा दप्तरही हलते. या स्थलांतराविषयी आणि पुलगाव-आर्वी या छोट्या रेल्वेविषयी मी २००६ पासून टिपणे जमवत आलो आहे. रेल्वेच्या आठवणी ज्यांनी सांगितल्या, त्यांतली बरीच म्हातारी माणसे आता नाहीत.

मागच्या पावसाळ्यात टिपणांचेच दप्तर हलवायची वेळ आली. ज्या संगणकात ती होती त्याची हार्ड डिस्क टकटक वाजू लागली. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, एसएसडी टाकून घ्या. विंडोज नवं मारतो अन् फायली उचलून टाकतो." मी नको म्हटले. फायली उचलून माझी मराठी येणार नव्हती.

याचे कारण इतिहासात आहे. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी सुरू झालेले 'जिस्ट'चे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) वाढले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' हे संकेतमानक काढले, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. म्हणजे प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक तेव्हाच मिळाला होता. छपाईच्या बाजारात मात्र वेगळेच चालले. फॉन्ट विकणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले: काना, वेलांटी, अर्धे अक्षर. ज्याची त्याची मांडणी निराळी. अशा फायलीत मराठी नसतेच, इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. ती मराठी दिसते ती यंत्रात बसवलेल्या फॉन्टमुळे. विंडोज २००० बरोबर 'मंगल' फॉन्ट आला, तरी टायपिंगची दुकाने जुन्याच वाटेने जात राहिली, आणि मीही तिथेच शिकलो. माझ्या टायपिंग प्रणालीची सीडी केव्हाच खराब झाली होती. ती प्रणाली उरली होती फक्त त्या टकटकणाऱ्या डिस्कवर, विंडोज एक्सपीच्या पोटात. म्हणून एक्सपी जशीच्या तशी नव्या जागी नेणे भाग होते.

नवी जागा आणि जुनी जागा यांची घडणच वेगळी. हार्ड डिस्कचे मूळ आयबीएमच्या १९५६ सालच्या यंत्रात. त्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि मावत होती फक्त ५० लाख अक्षरे. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृती जगापुढे मांडली. १९९१ मध्ये सनडिस्क (नंतरची सॅनडिस्क) कंपनीने २० मेगाबाइटचा एसएसडी विकला. तिच्या संस्थापकांपैकी संजय मेहरोत्रा कानपूरचे. जिस्टही कानपूरचेच, हा निव्वळ योगायोग, पण मला गंमत वाटली.

एक्सपी डिस्कवरचा पहिला विभाग ६३ व्या सेक्टरपासून मांडते. सेक्टर ५१२ बाइटांचा, म्हणजे सुरुवात ३२,२५६ व्या बाइटावर. फ्लॅशची पाने ४,०९६ बाइटांची किंवा त्याच्या पटीतली. ३२,२५६ ला ४,०९६ ने भागले तर पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे एका पानाचा मजकूर दोन पानांवर सांडतो; चाल मंदावते आणि झीजही वाढते. यासाठी विभाग २,०४८ व्या सेक्टरवर, म्हणजे बरोबर एक मेगाबाइटवर सरकवावा लागतो. विंडोज व्हिस्टापासून तो आपोआप तिथेच येतो. एक्सपीचे आपणच करायचे.

क्लोनझिलाने प्रत घेतली, जीपार्टेडने विभाग सरकवला, आणि यंत्र सुरू केले तर काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकत राहिली. दोन रात्री गेल्या. विभागाच्या पहिल्या सेक्टरमध्ये, आपण डिस्कवर कुठून सुरू होतो, हा आकडा लिहिलेला असतो. माझ्या प्रतीत तो ६३ च राहिला होता. ठाणे पालकवाडीला गेले आणि पत्ता कवठ्याचाच! तो २,०४८ केला, आणि एक्सपी उठली. फ्लॅशला लागणारी 'ट्रिम' ही आज्ञा तिला ठाऊक नाही, ती विंडोज ७ मध्ये आली. पण मला हे यंत्र रोज चालवायचे नव्हते.

टायपिंग प्रणाली उघडली. रेल्वेच्या टिपणांचे पहिले पान दिसले तेव्हा जीव भांड्यात पडला.

आता एकेक फाइल युनिकोडमध्ये नेतो आहे. जुन्या मांडणीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येई आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. रूपांतर करणारी प्रणाली बहुतेक जागा सांभाळते, सगळ्या नाही. काल रात्री एका पानावर 'आर्वी'चे तीन ठिकाणी 'आवीर्' झालेले सापडले. हाताने दुरुस्त केले.